चार लिटर दूध, चिमटीभर मीठ

रविवार, २१ जानेवारी १९७३

दिवाळीनंतर या वहीला हात लावला नाही. शाळा, दूध संस्था, टँकरची रांग अशी कारणं सांगता येतील, पण ती गावात सगळ्यांनाच आहेत. खरं म्हणजे रोज तेच लिहावं लागलं असतं. विहीर कोरडी, आणखी एक घर कुलूप लावून गेलं, चारा नाही. तेच तेच लिहायचा कंटाळा आला, आणि लोकांच्या हालांचा आपल्याला कंटाळा येतो याची लाज वाटली, म्हणून वही ट्रंकेत गेली. एवढ्या खंडाबद्दल माफी मागायची तर ती वहीचीच मागतो.

आज लिहायला बसलो, कारण सकाळची एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

संस्थेत दूध तपासायचं काम माझ्याकडे आहे. गावात बी.एस्सी. झालेला मी एकटाच, म्हणून चेअरमन काकासाहेबांनी ते माझ्यावर सोपवलं. मीही खुशीने घेतलं. शाळेआधी तासभर जातो. लॅक्टोमीटर दुधात सोडायचा आणि कितीवर तरंगतो ते बघायचं. पाणी घातलेल्या दुधात तो जास्त बुडतो. मग लोक म्हणतात, दुधाला डिग्री लागत नाही. सव्वीसच्या खाली दूध परत, असा नियम आहे.

मालनबाईंच्या दुधाला आठवडाभर डिग्री लागत नाही. आज तेवीस. परत केलं. त्यांचा नवरा सोपान रस्त्याच्या कामावर खडी फोडतो. घरी दोन लहान मुली आणि एक गाय. किटलीचं झाकण लावता लावता त्या म्हणाल्या, "सर, गाय उपाशी हाय माजी. नुसत्या उसाच्या वाढ्यावर हाय. उपाशी गाईचं दूद पातळच असनार. आन् पानी घालायचं म्हनलं तर प्यायला तरी हाय का घरात?"

मागे कुणीतरी हसलं. त्या किटली उचलून निघून गेल्या.

संस्थेने परत केलेलं दूध गावात कुणी विकत घेत नाही. काकासाहेब म्हणाले, परवडत नसेल तर गाय सरकारच्या गुरांच्या छावणीला देऊन टाकावी. छावणी बरीच लांब आहे. तिकडे गेलेली गाय पाऊस पडेपर्यंत परत येत नाही, आणि आली तरी तोवर आटलेली असते. मालनबाईंच्या घरात दुसरं काही नाही.

मी नियम पाळला. पण उपाशी गाईचं दूध खरंच इतकं पातळ होऊ शकतं का, हे मला माहीत नाही. माहीत नसताना पाळला.


बुधवार, २४ जानेवारी

कॉलेजातलं जुनं पुस्तक काढलं. वाळवीने कडा खाल्ल्यात, मजकूर शाबूत आहे.

शुद्ध पाणी शून्य अंशावर गोठतं. त्यात काहीही विरघळलं की गोठणबिंदू शून्याच्या खाली जातो, आणि जितकं जास्त विरघळेल तितका जास्त खाली. मिठाचं उदाहरण मीच दरवर्षी नववीला देतो. दुधातही साखर आणि क्षार विरघळलेले असतात, म्हणून ते शून्याखाली अर्ध्या अंशाच्या आसपास गोठतं. पुस्तकात उणे ०.५४ दिलं आहे. पुढचं वाक्य कॉलेजात असताना मी वाचलं असेल, पण त्याचा अर्थ आज कळला. जनावर धष्टपुष्ट असो की उपाशी, हा आकडा जवळजवळ हलत नाही. कासेतलं दूध रक्ताशी तोल राखून तयार होतं. ते पातळ होईल, त्यातली साय कमी होईल, पण गोठणबिंदू तिथेच राहील. वरून पाणी घातलं तरच तो शून्याकडे सरकतो.

गाईची उपासमार आणि माणसाची भेसळ, दोन्ही लॅक्टोमीटरला सारखीच दिसतात. त्यांतला फरक गोठणबिंदूवरून कळेल.

छगन आमचं दूध टेम्पोने नगरला नेतो. त्याच्याबरोबर कॉलेजातल्या मित्राला निरोप धाडला. त्यांच्या प्रयोगशाळेत अंशाचा शंभरावा भाग दाखवणारा थर्मामीटर आहे. छगनला येताना बर्फही आणायला सांगितला. तो म्हणाला, "थंडीत बर्फ? सर, दुकाळात गावाला सरबत पाजताय का काय?"

रात्री विमलला सगळं सांगितलं. तिने विचारलं, कुणाकुणाचं दूध तपासणार. म्हटलं, चार-पाच जणांचं, पण सगळ्यात आधी आपलं. ज्याबद्दल शंकाच नाही असं एक दूध मापाला हवं. ती म्हणाली, "अहो, आपलं कशाला मध्ये? काकासाहेबांचं घ्या." मी तिला पुन्हा समजावून सांगितलं. ती भांडी घासायला उठली.

गावातल्या म्हशी आटत चालल्यात असं जो तो म्हणतो. आमची मात्र चार लिटरवर ठाम आहे. विमलची निगा. रोज चाळीस लिटरच्या खाली दूध गेलं तर टेम्पो आत वळणार नाही, फाट्यावरूनच जाईल, असं वरून कळवलंय. म्हणून दसऱ्याच्या सभेत मी सर्वांसमोर शब्द दिला होता की पाऊस पडेपर्यंत माझ्या घरून चार लिटरच्या खाली दूध येणार नाही. लोकांना काहीतरी उदाहरण हवं असतं. शब्द आजवर पाळला गेलाय, याचं समाधान आहे.


रविवार, २८ जानेवारी

छगनने थर्मामीटर आणि बर्फ आणून दिला. आज शाळेच्या प्रयोगशाळेत दिवसभर बसलो.

बादलीत बर्फ फोडून त्यात जाडं मीठ घातलं. नुसता बर्फ शून्यावरच राहतो. मीठ घातलं की तो वितळायला लागतो आणि वितळता वितळता शून्याच्या खूप खाली जातो. ज्या नियमाने दूध तपासायचं, त्याच नियमाने त्याला गोठवायचं. त्या थंडाव्यात दुधाची नळी धरून हळूहळू ढवळत राहायचं. पारा उतरत जातो, गोठायला हवं त्या जागेच्याही खाली जातो, आणि बर्फाचे पहिले कण धरले की एकदम वर उडी मारून एका जागी थांबतो. तिथला आकडा लिहायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. या वयात आणि एका नळीसाठी.

आधी ऊर्ध्वपातित पाण्यावर शून्य जुळवून घेतलं. मग आमचं दूध. उणे ०.५४. पुस्तकातला आकडा, तंतोतंत. व्हायला हवा होता त्यापेक्षा जास्त आनंद झाला. काकासाहेबांचं ०.५३, आणखी दोघांचं ०.५५.

मालनबाईंच्या किटलीतलं सकाळी बाटलीभर मागून ठेवलं होतं. उणे ०.६०.

तीनदा केलं. तेच. पाणी असतं तर आकडा शून्याकडे सरकायला हवा होता, हा उलट खाली गेला. कुठल्याच गाईचं दूध इतकं खाली गोठत नाही. म्हणजे त्यात वरून काहीतरी विरघळवलेलं आहे. चाखून पाहिलं. किंचित खारट वाटलं, पण आकडा कळल्यावर जिभेवर किती विश्वास ठेवायचा?

पाणी घालून डिग्री उतरली की ती वर आणायला मीठ घालतात, ही युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. मालनबाईंनी ती केली असेल असं वाटलं नव्हतं. वाईट वाटलं. त्या वाईट वाटण्याच्या आत थोडं बरंही वाटलं, कारण माझ्या साधनाने काहीतरी पकडलं होतं. हे लपवण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी काकासाहेब चौकशीला आले. त्यांना सांगितलं. आधी मालनबाईंना विचारायला हवं होतं का? तेव्हा सुचलं नाही.


सोमवार, २९ जानेवारी

काकासाहेबांनी संस्थेच्या फळ्यावर लिहिलं: "सौ. मालनबाई सोपान, दुधात मीठ, भेसळीमुळे बंद." मालनबाईंना वाचता येत नाही. त्यांनी छगनला वाचायला लावलं. तो अडखळला, मग एका दमात वाचून मोकळा झाला.

त्या माझ्याकडे वळल्या. "मीठ? व्हय, टाकते की. न टाकता दूद घराबाहेर कोन काडतं?"

रांगेतली एकही बाई यावर हसली नाही. सगळ्या खाली बघत होत्या. त्यांना मालनबाईंची कीव आली असावी.

"आता कबूलच केलं," काकासाहेब म्हणाले, "पुढं बोलायचं काही उरलं नाही."

मालनबाईंनी दूध तिथेच कुत्र्यांच्या पुढे ओतलं आणि रिकामी किटली घेऊन गेल्या.

शाळेत दिवसभर एकच गोष्ट टोचत होती. डिग्री वाढावी म्हणून मीठ घातलं असेल, तर डिग्री तेवीसच कशी? फसवायचंच होतं तर माणूस पुरतं फसवेल. चिमटीभर मिठाने लॅक्टोमीटरला काही कळतसुद्धा नाही.


बुधवार, ३१ जानेवारी

आज जेवताना विमलला हे बोललो. म्हटलं, मीठ घातल्याचं त्या इतक्या सहज कशा म्हणाल्या?

ती ताटात वाढत होती. म्हणाली, "अहो, चिमटीभर मीठ सगळ्याच टाकतात. निरसं दूध तसंच परक्याच्या हाती द्यायचं नाही, जनावराला नजर लागते. त्यांच्या आळीत तर एकच गाय दुधाची राहिलीय. जाता-येता लोक बघतात."

"तूही टाकतेस?"

"मी काय गावाबाहेरची आहे?"

हात धुऊन उठलो आणि कागद घेतला.

मीठ गोठणबिंदू खाली ओढतं, पाणी वर ढकलतं. मालनबाईंच्या दुधात मीठ आहे आणि ते ०.६० ला गोठलं. निर्मळ दुधात चिमटीभर मीठ घातलं तर तिथेच गोठायला हवं. आमच्या दुधातही मीठ आहे. तेही ०.६० च्या आसपास गोठायला हवं होतं. ते ०.५४ ला गोठलं, पुस्तकातल्या आकड्यावर, आणि मी खूश झालो. मिठाने खाली ओढलेला आकडा कशाने तरी परत वर आणला आहे. ढकलणारी गोष्ट एकच आहे.

दोनदा मांडून पाहिलं. आमच्या दुधात दहा भागांत एक भाग पाणी आहे.

काकासाहेबांच्याही. त्या दोघांच्याही. ज्यांचे आकडे बरोबर आले त्या सगळ्यांच्या. पाणी नसलेलं एकच दूध माझ्यासमोर आलं होतं, आणि ते मी भेसळीचं ठरवलं.

विमलला विचारलं. आवाज चढवला नाही, पण तिला तो चढलेला वाटला असावा. तिने नाकारलं नाही.

"मार्गशीर्षापासून म्हैस साडेतीन लिटरवर आलीय. तुम्ही सभेत चार म्हणालात. एक तांब्या घालते. मी काय करायचं होतं?"

"मला सांगायचंस."

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, निगा कमी पडत असेल."

मला हे आठवत नाही. पण असं मी म्हणू शकतो, हे मला माहीत आहे. टँकरच्या पाण्यातला एक तांब्या ती रोज दुधात घालत होती, आणि घरात आम्ही दोघं पाणी मोजून पीत होतो.


गुरुवार, १ फेब्रुवारी

नववीला द्रावणं शिकवली. फळ्यावर मिठाचं उदाहरण लिहिलं आणि पुढे काय सांगायचं ते विसरलो. पोरांना वाटलं, बरं नाही. विमलशी कामापुरतं बोलणं.


शुक्रवार, २ फेब्रुवारी

सकाळी धारेच्या वेळी मालनबाईंकडे गेलो. गाईच्या बरगड्या मोजता येतात. अंगणात उभा राहून म्हटलं, मीठ न टाकता बाटलीभर दूध द्याल का, मला पुन्हा बघायचंय. त्यांनी बाटली घेऊन माझ्यासमोरच त्यात धार सोडली. बाटली देताना म्हणाल्या, "न्या. आता गाईलाच चोर ठरवा."

शाळेत जाऊन गोठवलं. डिग्री तेवीस. गोठणबिंदू उणे ०.५४. पातळ दूध, आणि पाण्याचा थेंब नाही. रविवारी छगनने आणलेल्या बर्फातला शेवटचा तुकडा भुशात राहिला होता, तेवढा पुरला.

दुपारी काकासाहेबांना सगळं सांगितलं, माझ्या घरचं धरून. ते चटकन समजले. मला जे कळायला तीन दिवस लागले ते त्यांना आधीपासून ठाऊक असावं.

"सर, खरं काढायला गेलं तर चाळीसाचं पस्तीस निघंल," ते म्हणाले. "मग टेम्पो येतो का? मालनबाईची एक गाय वाचवायची म्हणून सगळ्या गावाचं दूध बंद पाडता काय?"

हे खोटं नाही. त्यांनी तोड सुचवली. थर्मामीटर बिघडला होता असं म्हणायचं, फळा पुसायचा आणि उद्यापासून मालनबाईंचं दूध घ्यायचं. डिग्रीचं मग बघता येईल. मला ते बरं वाटलं. कुणाचंच नुकसान नव्हतं. तो निरोप मी स्वतः घेऊन गेलो, आणि वाटेत मनात आलं की आपण चांगली बातमी घेऊन चाललोय.

मालनबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"लिव्हलं तवा चारचौघांत लिव्हलं, आन् पुसायचं गुपचूप? मशीन बिगाडलं म्हनल्यावर लोक काय म्हनत्याल? सरांनी दया केली म्हनत्याल. चोर ती चोरच." मग म्हणाल्या, "सोमवारी छावनीचा ट्रक येतोय. गाईचं नाव दिलंय मी. तुमी नगा तरास करून घिऊ."

चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.


रविवार, ४ फेब्रुवारी

काल जेवताना विमलला सांगितलं की उद्या फळ्यावर आपल्या दुधाचा निकाल लिहिणार आहे. तिने विचारलं, "नाव माझं लिहिणार?"

म्हटलं, नाही, माझं.

"पाणी मी घातलं. शब्द तुम्ही दिलात. तुमचं एकट्याचं लिहून मोठेपणा कशाला घेता? दोघांचं लिहा."

यावर बराच वेळ विचार केला. तिचं बरोबर होतं. मोठेपणाचं तर फारच बरोबर होतं, ते मला आधी दिसायला हवं होतं.

आज सकाळी रांग लागल्यावर फळा पुसला आणि लिहिलं: "मालनबाई सोपान यांचे दूध शुद्ध. आधीचा निकाल माझी चूक. माझ्या घरच्या दुधात पाणी आढळले." खाली आमची दोघांची नावं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मोठ्याने वाचलं. आवाज वर्गात येतो तसा आला नाही.

एका बाईने रांगेतून किटली उचलली आणि घरी परत नेली, थोड्या वेळाने तीच किटली कमी भरून आणली. तिच्यामागे आणखी एक जण गेला. काकासाहेब माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले की तपासणीचं काम उद्यापासून मी सोडलेलं बरं. मी लॅक्टोमीटर पुसून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला, मग कुठे ठेवायचा ते न कळून परत माझ्याच हातात दिला.

छगनने माप केलं. छत्तीस भरलं. डोकं खाजवून म्हणाला, "या आठवड्यात येतो सर. रस्ता खराब हाय म्हनून सांगीन. फुडचं मी न्हाई सांगत."

मालनबाई आल्या नाहीत. दिवसभर कान रस्त्याकडे होते. उद्या ट्रक येणार, आणि फळ्यावरचे शब्द त्यांच्यापर्यंत पोचले की नाही तेही कळत नव्हतं. जाऊन सांगावं का? पण परवा निरोप घेऊन गेलो होतो तसाच हाही निरोप झाला असता. गेलो नाही. हे बरोबर केलं की नुसता भ्यालो, ते ठरवता आलं नाही.

दिवेलागणीला त्या आल्या. माझ्याकडे नाही, मागच्या दारी विमलकडे. मी आत पेपर तपासत होतो, म्हणजे हातात पेपर होता. त्यांच्या बोलण्यातलं सगळं ऐकू आलं नाही. मालनबाईंनी विचारलं, "तुजं बी नाव लिव्हलं म्हनं त्यांनी?" विमल म्हणाली, "मीच लिहायला लावलं." मग दोघी हसल्या. कशाला, ते मला कळलं नाही.

थोड्या वेळाने मालनबाईंचा आवाज आला, मला ऐकू यावा इतका मोठा. "ट्रकमदलं नाव काडलंय गाईचं. उद्यापास्नं दूद घालते. पन सरांना सांग, मीठ मी टाकनार. त्यांचं मशीन काय म्हनायचं ते म्हनू दे."

"टाका," विमल म्हणाली. "मीपण टाकणार आहे."

चिमटीभर मीठ हिशोबात धरता येतं.

त्या गेल्यावर विमल आत आली. म्हशीने आज साडेतीन लिटरही दिलं नाही म्हणाली, आणि पुढच्या आठवड्यात आणखी उतरेल. मग विचारलं, "इतकी वर्षं म्हैस दारात आहे. किती दूध देते हे एकदा तरी तिच्याखाली बसून बघितलंत का?"

नाही बघितलं.

उद्या: पहाटे म्हशीची धार मी काढणे, आणि निघेल तेवढंच दूध संस्थेत नेणे.